दुधाचंच आहे

“बोल, काय करू तुला?” आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, सुवीपुढे दोन्ही हात जोडून विचारलं.

सुवी, माझी लेक, तेव्हा आठ वर्षांची होती. न्हाऊन, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. आजीनं आपल्यापुढे हात जोडलेत म्हटल्यावर तिची मान चांगलीच ताठ झाली होती.

तो क्षमावणीचा दिवस होता. भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस संपले, की जैनांची लहानथोर सगळी माणसं एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणतात आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफी मागतात. आमच्या सांगलीच्या घरची रीत त्याच्याही एक पाऊल पुढची होती. घरातलं सगळ्यात थोरलं माणूस सगळ्यात धाकट्याची आधी क्षमा मागायचं, तीही नुसत्या तोंडानं नाही, त्याला हवा तो पदार्थ करून घालायचा आणि त्याच्याबरोबर बसून खायचा. मागच्या वर्षी सुवीनं सांज्याच्या पोळ्या मागितल्या होत्या. त्याच्या आधीच्या वर्षी साधा गूळ-तूप-पोळीचा लाडू. त्यामुळे मी निर्धास्त होते, ओट्यापाशी पिण्याचं पाणी गाळत होते.

“मामीकडं खाल्लेलं ते,” सुवी म्हणाली. “तिखट मेयोनीज.”

“मेयो... काय?”

“चटणीच असती, पण घट्ट. सायीसारखी. ब्रेडला लावून खातात. लई भारी लागतंय आजी. आईला येतंय करायला. दुधाचं असतंय ते. हो की नाही, आई?”

गाळण्याच्या फडक्याचं टोक माझ्या हातातून सुटलं आणि निम्मी घागर ओट्यावर सांडली.

“दुधाचंच,” मी म्हणाले.

ते दुधाचं नव्हतं. अंड्याचं होतं.

मे महिन्यात आम्ही दोघी कोल्हापूरला, माझ्या माहेरी गेलो होतो. माझं माहेर मराठ्यांचं. रविवारी मटण आणि बुधवारी अंडी हे आमच्याकडे शाळेच्या वेळापत्रकासारखं ठरलेलं. भरतेश मगदूमशी मी लग्न ठरवलं, तेव्हा माझ्या आईला जातीपेक्षा ‘पोरगी तिथं खाणार काय’ याचाच घोर लागला होता. सासरी आल्या दिवसापासून मी सगळं सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही, पण एका घरात राहायचं आणि दोन ताटांत जेवायचं हे मला जमलं नसतं. सुवी तर जन्मल्यापासून आजीच्या वळणावर गेलेली. माहेरी गेलो की तिच्यासाठी वेगळा तवा निघायचा.

माझी भावजय सारिका मनानं फार चांगली. तिनं नुकताच स्वयंपाकाचा कसला तरी वर्ग केला होता आणि भाचीला काहीतरी नवं खाऊ घालायचं तिनं मनावर घेतलं होतं. “वन्सं, तुमच्या लेकीसाठी लसूण घातला नाही हं,” ती मला दोनदा म्हणाली. “नुसती हिरवी मिरची, मोहरी आणि हिंग.” लसणाचं तिनं इतकं लक्षात ठेवलं की अंड्याचं विसरूनच गेली. तिच्या लेखी अंडं म्हणजे उकडलेलं नाहीतर तव्यावरचं. घोटून घोटून ज्याची चटणी झाली, ते तिच्या डोक्यात अंडं राहिलंच नव्हतं. आणि मी काय करत होते? मी तिच्या शेजारी उभी राहून तेलाची धार धरत होते, चुलतबहिणीच्या लग्नाच्या गप्पा मारत होते. दोन पिवळेजर्द बलक माझ्या डोळ्यांदेखत भांड्यात पडले, आणि मला काही म्हणता काही खटकलं नाही. त्याच ओट्यापाशी मी बावीस वर्षं वाढले होते. माहेरच्या स्वयंपाकघरात शिरताना मी सासर चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवत असे.

सुवीनं पहिला तुकडा खाल्ला, मिरचीनं नाक पुसलं, दुसरा उचलला. तेवढ्यात तिचं लक्ष मोरीकडे गेलं.

“आई, यात अंडं नाही ना?”

तुकडा तिच्या ओठांपाशी थांबला होता. तिला मोरीपाशी टरफलं दिसली होती. सारिकाचा चेहरा खर्रकन उतरला. ती माझ्याकडे बघायला लागली.

“नाही गं,” मी म्हणाले. “दुधाचं आहे. टरफलं सकाळच्या आम्लेटची.”

सुवीनं दुसरा तुकडा खाल्ला. मग तिसरा, चौथा.

मी स्वतःला खूप समजावलं. पहिला तुकडा पोटात गेला होता, तो काही परत येणार नव्हता. खरं सांगितलं असतं तर पोर रडून रडून आजारी पडली असती आणि मामीच्या हातचं पाणीसुद्धा पुन्हा प्यायली नसती. हे सगळं खरंच होतं. पण माझ्या माहेरच्या ताटाकडे माझ्याच लेकीनं किळसवाण्या नजरेनं बघावं, हे मला सोसवलं नसतं, हेही तितकंच खरं होतं.

आता सांगलीत, आत्याबाईंसमोर, ते खोटं आपल्या पायांनी चालत घरी आलं होतं.

मला भीती कशाची होती, तेही सांगते. आत्याबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण लग्नानंतर तीन वर्षं त्यांनी पिण्याच्या पाण्याला मला हात लावू दिला नव्हता. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग ते गाळणं अलगद उलटं करून धुवायचं, त्यात अडकलेला बारीकसा जीवही मरू नये म्हणून. हे काम त्यांचं एकटीचं. सुवी पोटात असताना एक दिवस त्यांनी काही न बोलता ते पांढरं गाळणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि त्या देवळात निघून गेल्या. मला त्या घरानं आपलं म्हटलं ते लग्नात नाही, त्या दिवशी. ज्या बाईनं पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवासाठी इतकं केलं, तिच्या नातीला मी जाणून अंडं खाऊ घातलं होतं. हे कळल्यावर गाळणं माझ्याकडे राहणार नव्हतं, हे मी धरूनच चालले होते.

“मला नीट येत नाही हो ते,” मी म्हणून पाहिलं. “एकदाच बघितलंय.”

“मग मामीला फोन लावू,” सुवी उठलीच.

सारिकाला खोटं बोलता येत नाही. तिचा आवाजच सांगतो.

“नको, आठवतंय मला,” मी म्हणाले. “करते.”

“आणि आजीनं पण खायचं. रीत आहे.”

“खाईन की,” आत्याबाई म्हणाल्या. “दुधाचंच आहे म्हटल्यावर काय.”

बिनअंड्याची बाटली बाजारात मिळते असं मी ऐकून होते. पण आत्याबाई बाटलीतलं काही खात नसत. व्हिनेगर चालणार नव्हतं, लसूण नाही, ब्रेड नाही. दूध धार काढल्यावर लगेच तापवलेलं हवं. आणि सगळं व्हायला हवं होतं दिवस मावळायच्या आत, कारण नंतर त्या पाण्याशिवाय काही घेत नसत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. सूर्यास्त सहा वाजून सव्वीस मिनिटांनी. भरतेश कामासाठी पुण्याला गेला होता, म्हणजे तोही आधार नव्हता.

मनातल्या मनात मी ठरवलं, की आजवर जे खोटं होतं ते आज खरं करायचं. दुधाचं मेयोनीज होतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पण झालं असतं तर मी खोटी ठरत नव्हते. निदान पुढच्यासाठी तरी नाही.

पहिल्या खेपेला मी नुकतंच तापवलेलं दूध मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात ओतलं, मिरच्या टाकल्या, त्यावर वाटीभर तेल आणि बटण दाबलं. झाकण काढून बघते तर खाली हिरवट पाणी आणि वर तेलाचा तवंग.

“हे असंच असतंय?” आत्याबाईंनी मान वाकवून विचारलं. आवाजात खोच नव्हती, नुसती चौकशी होती.

“नाही. घट्ट व्हायला पाहिजे.”

“मग हे राहू दे. कणकेत जाईल.” त्यांनी ते सगळं परातीत कणकेवर ओतलं. दूध घालून मळलेल्या कणकेच्या दशम्या होतात, आणि त्या घरात काही वाया जात नसे.

तेवढ्यात दारात चंपाक्का उपाध्ये आल्या. शेजारच्या. हात जोडून म्हणाल्या, “उत्तम क्षमा गं वैजयंता. वर्षभरात काही चुकलंमाकलं असलं तर पोटात घाल.”

“उत्तम क्षमा काकू. माझंही,” मी तेलकट हात जोडले. त्या दिवशी असं किती जणांना म्हटलं असेन. वीस-पंचवीस तरी. ज्यांचं मी काही वाईट केलं नव्हतं त्यांची माफी मागताना मला काहीच जड जात नव्हतं.

दुसऱ्या खेपेला वाटलं, घट्टपणा लिंबानं येत असणार. म्हणून आधी दुधात लिंबू पिळलं. व्हायचं तेच झालं.

“नासलं की गं हे,” आत्याबाई म्हणाल्या. “दुधात आधी आंबट घातल्यावर दुसरं काय होणार? मामीनं असं केलं होतं काय?”

“नाही,” मी म्हणाले. आणि लगेच जीभ चावली, कारण पुढचा प्रश्न ‘मग कसं केलं होतं’ हाच असणार.

त्यांनी तो विचारला नाही. नासलेलंही परातीत गेलं. “तिखट दशम्या होतील,” एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्यांदा दूध ओतलं आणि वीज गेली. त्या वर्षी लोडशेडिंग दुपारी साडेबारा ते पाच असायचं. मी मिक्सरपाशी तशीच उभी राहिले. मला एकदम रडूच फुटलं. चटणीपायी रडणारी सून बघून कुणालाही हसू आलं असतं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, पदरानं हात पुसले आणि पाटावर बसत म्हणाल्या, “बस. सगळं सांग बघू मला. काय काय घालायचं, कुठलं आधी, कुठलं मागनं.”

मी सांगितलं. मोहरीची पूड, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची, हिंग, लिंबू, तेल. तेलाची अगदी बारीक धार धरायची. आणि... दूध. तो शब्द म्हणताना माझा आवाज बारीक झाला.

“धार धरायची, आणि तू वाटी पालथी केलीस होय?”

मी रिकामी वाटी बाजूला सारली.

“दूध कसलं घ्यायचं? गार का ऊन?”

“ते आठवत नाही.” ते मला माहीतच नव्हतं. सारिकानं दूध घेतलंच नव्हतं.

आत्याबाई थोडा वेळ बोटांनी पाटावर काहीतरी घुसळल्यासारखं करत राहिल्या. “उन्हाळ्यात ताक करताना लोणी येत नाही बघ. पातळ होऊन नुसतं तरंगतंय. तेव्हा आम्ही काय करायचो? गार पाण्याचा हबका. गार पडलं की लगेच जमतंय. हे पण तसलंच असणार. तेल आणि दूध एकमेकांना धरायला पाहिजेत. ऊन दुधात तेल कसं थांबेल?” त्यांनी सकाळच्या तापवलेल्या दुधाचं पातेलं पुढे ओढलं, साय बाजूला केली आणि वाटीभर दूध स्टीलच्या डब्यात काढलं. “फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेव. वीज नसली तरी दार उघडलं नाही तर तो गारच राहतोय. आणि सुवे, तू दार उघडशील तर बघ.”

सुवी फ्रीजच्या दाराला पाठ लावून राखणीला बसली. चार तासांवर. मधे एकदा तिथंच डुलकी काढली, पण हलली नाही.

दुपारभर माणसं येत होती, हात जोडत होती, जात होती. एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा मी आत्याबाईंच्या समोर जाऊन बसले. त्या मोहरी कुटत होत्या. मला वाटलं, आत्ता सांगावं. आजचा दिवसच त्याचा आहे. मी तोंड उघडलं. त्यांनी खलबत्त्यातला हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं, चांगलं क्षणभर, जणू त्यांनाही काही ऐकायचं होतं.

“मिरच्या चार घेऊ का पाच?” मी विचारलं.

“पाच घे,” त्या म्हणाल्या आणि परत कुटायला लागल्या.

पाचला पाच मिनिटं असताना वीज आली. डबा काढला तर दुधाच्या कडेला बर्फाची पातळ पापडी धरली होती. मिक्सरचं भांडंसुद्धा आत्याबाईंनी गार पाण्यात बुडवून ठेवलं होतं. आधी नुसतं दूध, मोहरी, मीठ, साखर, वाटून, पाणी पिळून काढलेली मिरची आणि हिंग फिरवलं. मग झाकणाच्या मधल्या भोकातून आत्याबाईंनी तेल सोडायला घेतलं. त्यांचा हात मी वर्षानुवर्षं बघितलाय, देवळात अभिषेकाची धार धरणारा हात तो. सुतासारखी धार. तुटली नाही की जाड झाली नाही. मी बटण दाबायची, सोडायची, परत दाबायची. मिक्सरचा आवाज आधी खळखळ येत होता, मग हळूहळू जड झाला, भरला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “आता लिंबू. सगळ्यात शेवटी.”

लिंबू पडलं, दोन गरके दिले आणि झाकण काढलं. भांड्यात पांढरंशुभ्र, चमचा उभा राहील असं घट्ट काहीतरी होतं, त्यात मिरचीचे हिरवे ठिपके. मी बोट बुडवून चाखलं. तिखट, आंबट, मऊ, मोहरीचा झटका थेट नाकात. कोल्हापूरच्या त्या दुपारची चव. मला एवढा आनंद झाला की मी आत्याबाईंचा खांदाच धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाया पडण्याखेरीज मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

सहा वाजले होते. आत्याबाईंनी तव्यावरून गरम दशमी काढली, तिच्यावर ते पसरलं, वर काकडीच्या चकत्या ठेवल्या, गुंडाळी केली आणि सुवीच्या ताटात ठेवली. स्वतःच्या आणि माझ्याही. मग सुवीपुढे हात जोडले. “उत्तम क्षमा बाळा. वर्षभर रागावले असेन.”

“उत्तम क्षमा आजी,” सुवीनं म्हटलं, गुंडाळी उचलली, आणि उलगडून आत बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

“हे ते नाही.”

“खाऊन तर बघ,” मी म्हणाले.

“पण हे पांढरं आहे. मामीचं पिवळं होतं. पिवळं होतं ना, आई? मी बघितलंय. आई, खरं सांग, मामीचं कशाचं होतं?”

पुन्हा तोच प्रश्न, तसाच ओठांपाशी थांबलेला घास. चार महिन्यांपूर्वी माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. या वेळी नव्हतं. मी सुवीकडे बघू शकत नव्हते आणि आत्याबाईंकडे तर नाहीच.

“अगं बाई,” आत्याबाई म्हणाल्या. “हळद राहिली की.”

त्या उठल्या. मिसळणाचा डबा उघडला. अंगठा आणि दोन बोटांत मावेल इतकी हळद घेतली, भांड्यात टाकली आणि चमच्यानं घोटायला लागल्या. पांढऱ्याचं फिकट पिवळं झालं. थोडं थांबून त्यांनी सुवीला विचारलं, “एवढं पिवळं का अजून?”

“थोडं अजून,” सुवी म्हणाली.

त्यांनी आणखी किंचित घातली. “आता?”

सुवीनं चमचा चाटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत चाटला. “हां. आता तेच आहे.” आणि गुंडाळीत ते पिवळं लावून घेऊन चंपाक्काच्या नातीला दाखवायला पळाली.

आम्ही दोघीच राहिलो. आत्याबाई पाटावर बसल्या आणि खायला लागल्या. सावकाश, प्रत्येक घास चावून. माझं ताट तसंच होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“मे महिन्यात आलात ना, त्या रात्रीच पोरीनं सांगितलं होतं. दुधाचं होतं, पिवळं होतं, आणि मोरीत टरफलं होती, पण ती आम्लेटची, असं आई म्हणाली.” त्यांनी घास गिळला. “दूध मी जन्मभर घुसळलंय वैजू. ते पिवळं होत नाही.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबले.”

“आणि गाळणं? ते काढून का घेतलं नाहीत?”

“आणि पाणी कोण गाळणार होतं? माझ्या कमरेतनं वाकवतंय होय?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी सगळं सांगून टाकलं. सारिका विसरली ते, मी बलक बघूनही गप्प राहिले ते, पहिला तुकडा, दुसरा तुकडा, आणि माझ्या माहेरच्या ताटाची मला वाटलेली लाजसुद्धा. माझं संपल्यावर त्यांनी ताटात हात धुतला, पदराला पुसला, आणि माझ्यासमोर दोन्ही हात जोडले.

“उत्तम क्षमा,” त्या मला म्हणाल्या.

“आत्याबाई, असं नका करू. चूक माझी आहे.”

“तुझी आहेच. ती तू बोललीस, संपली. माझी राहिली आहे.” त्यांचे हात जोडलेलेच होते. “मला चार महिने कळत होतं. रोज बघत होते, पाणी गाळताना तू माझी नजर चुकवायचीस. विचारलं असतं तर एका दिवसात हलकी झाली असतीस. मी विचारलं नाही. मी वाट बघत बसले, ही आपणहून येते का बघू म्हणून. ती परीक्षा घेण्याचा मला काय अधिकार? एवढे दिवस तू एकटीनं ओझं वाहिलंस, ते माझ्यापायी. घाल पोटात.”

मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि त्यावर कपाळ टेकलं. हात धुऊनही त्यांच्या बोटांना हळद राहिली होती, ती माझ्या कपाळाला लागली. दिवसभर पंचवीस जणांना म्हटलेले दोन शब्द तेव्हा तोंडातून फुटेनात. मग त्याच म्हणाल्या, “ऊन उतरलंय. जेव आता. सहा-सव्वीस व्हायला आले.”

मी जेवले.

“एक करशील,” ताटं उचलताना त्या म्हणाल्या. “मोठी झाली, समजती झाली, की तिला सांग. तुझ्या तोंडानं सांग. आत्ता नको, पोर अन्नाला भिऊन राहील. पण सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आत्याबाईंनी उपवास धरला होता. नुसतं उकळून निवलेलं पाणी. कशाचा उपवास, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मीही चहा टाकला नाही. दहाच्या सुमारास त्यांनी आपला तांब्या माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “पाणी गाळलंस का आजचं?”

“गाळते,” मी म्हणाले आणि गाळणं खांद्यावर घेतलं.

या सगळ्याला आता अठरा वर्षं झाली. आत्याबाई जाऊन सहा. सुवी बंगळूरला असते, नोकरी करते, एकटीचा स्वयंपाक करते. दर वर्षी क्षमावणीला ती ते मेयोनीज करते आणि मला फोटो पाठवते. तिला सांगायचं मी दर वर्षी ठरवत होते आणि दर वर्षी पुढे ढकलत होते. गेल्या वर्षी तिचा फोन आला, ‘उत्तम क्षमा आई’ म्हणाली, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. टरफलांसकट.

पलीकडे भांड्यावर वाजणारा चमचा थांबला.

“म्हणजे खऱ्या मेयोनीजमध्ये हळद नसतेच,” सुवी म्हणाली.

“नसते.”

“मी इथं मैत्रिणींशी भांडलेय गं त्यावरून. आमच्याकडे घालतात म्हणून.”

“रागावलीस?”

मग नाक ओढल्याचा आवाज आला. मिरचीनं असेल, नसेल.

“आत्ता चमचा हातात आहे माझ्या,” ती म्हणाली. “पांढरंच आहे अजून. काय करू, हळद घालू का नको?”

“किती पिवळं आहे ते बघत बघत घाल,” मी म्हणाले. “आजी तशीच घालायची.”